‘येस, आय हॅव अ क्वेश्चन!’

पहिलीपासून इंग्रजी शिकलो, मार्कही बरे मिळवले. मग मीटिंगमध्ये दातखिळी का बसते? पाठ केलेले शब्द ऐन वेळी जातात कुठे?

पत्रकार परिषद संपत आली होती. पुण्यातलं हॉटेल, गारेगार एसी, समोर बिस्किटांची प्लेट आणि डायरीत लिहून आणलेला एक सॉल्लिड प्रश्न. कंपनीने नव्या नोकऱ्यांचा भलामोठा आकडा सांगितला होता. त्यातल्या कंत्राटी किती, एवढंच मला विचारायचं होतं. मनातल्या मनात वाक्य जुळवलं. ‘हाऊ मेनी’ने सुरुवात करू की ‘आउट ऑफ’ने? मध्ये ‘द’ लागतो का? तेवढ्यात ‘थँक यू ऑल’ झालंसुद्धा! प्रश्न डायरीतच राहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाच्या बातमीत तो आकडा जसाच्या तसा छापून आला. त्या दिवशी मला स्वतःची जाम लाज वाटली.

गंमत म्हणजे माझं इंग्रजी ‘वीक’ नव्हतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आमची बॅच त्यानंतरची, सांगलीच्या मराठी शाळेतली. पुण्यात आल्यावर अप्पा बळवंत चौकातून नॉर्मन लुइस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आणलं. १९४९ साली निघालेलं हे पुस्तक अजूनही हातोहात खपतं. त्यातले शब्द मी घोकघोक घोकले. ‘ग्रेगॅरियस’चा अर्थ झोपेतून उठवून विचारा, सांगेन! पण ‘यातले किती जण कंत्राटी?’ हे विचारायला तो काय कामाचा?

ओळखीचे आणि हक्काचे

बिल्डिंगमधली माणसं कशी असतात? काहींना आपण लिफ्टमध्ये नुसतं हसतो, तर काहींना रात्री दोन वाजताही फोन करू शकतो. शब्दांचंही तसंच. वाचताना कळतात ते ओळखीचे. बोलताना न बोलावता येतात ते हक्काचे. आपल्याकडे ओळखीचे ढीगभर असतात, हक्काचे मोजकेच.

मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली शिकणाऱ्यांसाठी सुमारे २,००० नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी छापली. साध्या मजकुरातले साधारण ८० टक्के शब्द एवढ्यातच येतात. यातले बहुतेक शब्द आपल्याला शाळेतच भेटलेले असतात. कादंबरी किंवा पेपर आरामात वाचायचा तर आणखी हजारो शब्द लागतात, ते वाचतच वाढवावे लागतात. पण बोलताना अडतं ते शब्द कमी पडतात म्हणून नाही, तर आहेत तेच वेळेवर येत नाहीत म्हणून.

क्रियापदाची घाई

यात आपल्या मराठीचाही थोडा हात आहे. ‘मी काल ऑफिस सुटल्यावर मैत्रिणीकडे...’ इथपर्यंत बोलून झालं तरी गेले की नाही गेले, हे ठरवायला वेळ असतो. क्रियापद शेवटी येतं ना! इंग्रजीत ‘आय’ म्हटलं की लगेच क्रियापद द्यावं लागतं. म्हणून आपली गाडी ‘आय... आय...’वरच अडते.

यावरचा फंडा सोपा आहे. सुटा शब्द पाठ करू नका, त्याच्या जोडीदारासकट उचला. आपण निर्णय ‘घेतो’, इंग्रजीत तो ‘मेक’ करतात. फोटो आपण ‘काढतो’, तिकडे तो ‘टेक’ करतात. ‘कॅन यू टेल अस...’, ‘व्हॉट आय मीन इज...’ असे तयार तुकडे तोंडात बसले, की पुढचं जुळवायला तेवढीच उसंत मिळते.

आपल्याकडे रुळलेले इंग्रजी शब्दही एकदा तपासून घ्या. आयटीतली माझी रूममेट अमेरिकन क्लायंटला म्हणाली, ‘आय पास्ड आउट इन २०१९.’ तिला म्हणायचं होतं डिग्री मिळाली. त्याला वाटलं, बाईसाहेब चक्कर येऊन पडल्या!

चार, तीन, दोन

मला खरा उपयोग झाला तो ४-३-२चा. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या भाषातज्ज्ञांनी या पद्धतीवर लिहिलंय. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायची. आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. विषय तोच असल्यामुळे ‘काय बोलू’ हे टेन्शन जातं आणि वेग वाढतो. आमच्या फ्लॅटमध्ये तीन श्रोते कुठले? पहिल्यांदा रूममेटला, मग मोबाईलच्या रेकॉर्डरला, शेवटी गॅलरीतल्या तुळशीला! पहिलं रेकॉर्डिंग मी ऐकून डिलीट केलं. एका मिनिटात अकरा वेळा ‘अॅक्च्युअली’!

चारेक महिन्यांनी पुन्हा एक पत्रकार परिषद, पुन्हा नोकऱ्यांचा आकडा. या वेळी हात वर केला. ‘येस, आय हॅव अ क्वेश्चन. हाऊ मेनी ऑफ दीज जॉब इज ऑन कॉन्ट्रॅक्ट?’ बोलता बोलता कळलं, ‘जॉब्ज आर’ हवं होतं. कान तापले. पण हॉलमध्ये कुणी हसलं नाही. व्यासपीठावरचे साहेब मात्र शेजारच्याकडे बघायला लागले. मग आकडा आला, निम्म्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी तीच हेडलाइन होती.

व्याकरण अजून सुधारतेय. पण आता प्रश्न डायरीत राहत नाहीत.

एवढं करून बघा

• रोज पाचच शब्द, तेही तुमच्या कामातले. प्रत्येकाचं स्वतःबद्दल एक वाक्य मोठ्याने म्हणा.

• शब्दांची कार्डं करा. आलेलं कार्ड काही दिवसांनी बघा, चुकलेलं उद्याच. जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली सांगितलेली ही खोक्यांची पद्धत आजही चालते.

• मीटिंगआधी एकच वाक्य तयार ठेवा आणि पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाका. जितका उशीर, तितकी दातखिळी घट्ट.

• चुकलात? वाक्य पूर्ण करा. दुरुस्ती नंतर.