न सांगितलेले दुखणे

तक्रारवही कोरी राहिली म्हणून कारखान्यात सारे आलबेल आहे असे आम्ही कामगार मानीत नाही. गुप्तरोगांचेही तसेच आहे.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. तो अहवाल १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरांतील ९२ जणींना स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. त्यांत सुमारे निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा होता. तक्रार मात्र शंभरांत ५५ जणींचीच होती, आणि पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८!

यांतले सगळेच रोग संबंधातून जडत नाहीत. म्हणून आजारी बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवू नये. पुष्कळदा नवऱ्याकडूनच रोग येतो. काही संसर्ग लक्षणे न दाखवता आत पसरतात, गर्भनलिका बंद करतात, आणि लोक तिला वांझ म्हणतात. उपदंश तर पोटातल्या बाळालाही गाठतो.

वास्तविक सुरुवातीचा उपदंश पेनिसिलिनच्या एका मात्रेने बरा होतो. पण एकटीलाच औषध दिले आणि नवरा तसाच राहिला, तर रोग पुन्हा परततो. शिवाय दवाखाना दूर, मजुरी बुडते, आणि पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही.

तेव्हा प्रत्येक गरोदर बाईची रक्ततपासणी, जोडप्याला एकत्र उपचार आणि गावाजवळ स्त्री-डॉक्टर, एवढ्या तीन मागण्या आपण शहरवाल्यांनीही लावून धरल्या पाहिजेत.