दोन पोती गंधक

महामार्गावर आपल्यापुढे जाणारा बारा हजार लिटरचा डिझेल टँकर घ्या. आत साधारण दहा टन डिझेल. १९९५च्या सुमारास आपल्याकडच्या डिझेलात एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं. म्हणजे या एका टँकरमागे १०० किलो, चांगली दोन पोती भरतील एवढं. आज तेवढ्याच डिझेलात मुभा आहे १०० ग्रॅमची. हजारावा हिस्सा!

कुठल्याही एकट्या सरकारी खात्याला हे कधीच जमलं नसतं. काजळी आणि विषारी वायू अडवणारी यंत्रणा गाडीत बसवायची, तर आधी डिझेलातलं गंधक काढावं लागतं, नाहीतर ते त्या यंत्रणेचीच वाट लावतं. गाडी रस्ते वाहतूक खात्याची, डिझेल पेट्रोलियम खात्याचं, कारखाने अवजड उद्योगाकडे, हवा पर्यावरणाकडे. ती हवा ज्या छातीत जाते तिची काळजी आरोग्य खात्याला, पण यातली एकही किल्ली त्याच्या हाती नाही.

नव्या डिझेलाच्या तारखा देशभर जुळल्या नाहीत की काय होतं, तेही आपण पाहिलं. २०१०मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा १३ शहरांत दहा लाखांत ५० भाग गंधकाचं डिझेल आलं. बाहेर मात्र ३५०चंच. लांब पल्ल्याचा ट्रक टाकी भरणार कुठे? देशभर एकच डिझेल व्हायला २०१७ उजाडलं.

म्हणूनच जानेवारी २०१६चा निर्णय मला फार मोठा वाटतो. गाड्यांच्या धुरासाठीच्या ‘भारत स्टेज’ (बीएस) नियमांची पाचवी पायरी गाळून थेट बीएस-६, आणि सगळ्या देशाला एकच तारीख: १ एप्रिल २०२०. तेव्हा रस्ते वाहतूक खातं नितीन गडकरींकडे, अवजड उद्योग अनंत गीतेंकडे आणि पर्यावरण प्रकाश जावडेकरांकडे होतं. रिफायनऱ्यांनी हजारो कोटी ओतले आणि तारीख पाळली गेली.

बीएस-६मध्ये आता धुरातले कण वजनाबरोबर मोजूनही बघतात. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे मर्यादा आहे साठ हजार कोटी कणांची. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा: नव्वद लाख कोटी. आणि ही कडक मर्यादा! बीएस-४मध्ये कणांची मोजदाद नव्हतीच.

माणूस दिवसाला अकरा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो. तिच्यातल्या सूक्ष्म कणांसाठी २००९ साली आपण ठरवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून सांगते, ५. चाळिसाचं पाच करायला पुन्हा हीच सगळी खाती एका टेबलाशी बसायला हवीत, आणि या वेळी पहिली खुर्ची आरोग्य खात्याची हवी.