आगाऊ भरलेले अठराशे

तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलच्या काचेवर गेल्या महिन्यात एक कागद चिकटला: ‘ईसीएचएस कॅशलेस तूर्त बंद.’ खाली ना सही, ना तारीख. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “काका, तुमची बिलं थकलीत.” माझी? मी तर 2003 सालीच पैसे भरलेत. एकरकमी, जन्मभराचे.

1998 साली हवालदार म्हणून पेन्शनीत आलो, तेव्हा आजार दोनच प्रकारचे होते. एक गावात बरे होणारे, दुसरे पुण्याला वानवडीच्या कमांड हॉस्पिटलात न्यायचे. एक्स-रे नायलॉनच्या पिशवीत घालायचे आणि पहाटेची एसटी धरायची. त्या पाच वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

1 एप्रिल 2003 ला माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू झाली. पेन्शन बघून वर्गणी, 1,800 पासून 18,000 रुपयांपर्यंत; 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना माफी. माझे बसले अठराशे. मात्र योजनेत गेलं की महिन्याला मिळणारा 100 रुपयांचा वैद्यकीय भत्ता बंद. त्या शंभरावरून आमच्या पारावर महिनाभर खल चालला होता. एक सुभेदारसाहेब तर हटूनच बसले: हातातलं सोडायचं नाही. पुढे छातीत कळ आली तेव्हा त्यांचाच फॉर्म भरायला मी रात्री बसलो होतो. हे त्यांना आजही आवडत नाही सांगितलेलं.

पण ती पहिली आठ-नऊ वर्षं! जिल्ह्याच्या गावातलं पॉलिक्लिनिक म्हणजे आमची दुसरी पलटण. सकाळी सातला रांग. डॉक्टर, फार्मासिस्ट सगळे कंत्राटावर. कारकुनीला बरेचसे आपलेच निवृत्त. रांगेत कोणी कारगिल काढायचं, कोणी सियाचीन, आणि शुगर-बीपीच्या गोळ्या हातात पडेपर्यंत दोन-तीन लढाया उरकायच्या. औषध नसलं की चिठ्ठीवर ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, असं लिहून यायचं. साहेब लोकांना बसायला वेगळी खोली होती. हृदयाला रँक नसते, असं मी एकदा मोठ्यानं बोललो, तर खोलीतून एक कर्नलसाहेब बाहेर आले आणि आमच्या बाकावर येऊन बसले. पुढच्या खेपेला परत खोलीतच दिसले, पण तो एक दिवस मी त्यांच्या नावावर जमा धरतो.

त्याच काळातली ही दुसरी गोष्ट. 2009 मध्ये मंडळींच्या पित्ताशयात खडे निघाले. पॉलिक्लिनिकचं रेफरल हातात, हॉस्पिटल योजनेच्या यादीतलं, चकचकीत. तरी काउंटरवरची बाई म्हणाली, आधी वीस हजार डिपॉझिट भरा, तुमचं सरकार कधी देईल कोण जाणे. सोसायटीचं कर्ज काढून भरले. परतावा चौदा महिन्यांनी आला, तोही सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, दरानं कापून; आमची बिलं त्याच दरानं चुकवतात. त्या बाईचा राग आता गेलाय. पैसे आगाऊ भरूनही आपण उधारीचं गिऱ्हाईक आहोत हे तिनं पहिल्यांदा दाखवलं, ते मात्र मनातून जात नाही.

पुढचं सगळं यंत्रांचं. 2012 पासून बिलं ऑनलाइन, ती तपासायला एजन्सी. योजनेचं कार्ड 16 केबीचं झालं 32 चं, मग 64 चं. दर खेपेला नवे फोटो, नवा अर्ज. हॉस्पिटलवाल्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. सीजीएचएसचे 2014 सालचे पॅकेज दर ऑक्टोबर 2025 पर्यंत फारसे हलले नाहीत. आधी दर तुटपुंजा, त्यात बिल अडकलेलं. मग तो डॉक्टर तरी किती दिवस राष्ट्रसेवा करील? पण निवृत्त होणाऱ्या हवालदाराकडून आता 30,000 रुपये घेतले जातात, आणि ते थकवायची सोय नाही. आमचे पैसे वेळेवर, सरकारचे सवडीनं, आणि काचेवरचा कागद वाचायचा आम्ही.

मंडळींचा गुडघा आता थांबायला तयार नाही. सोमवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला निघतोय. तिला अर्धं तिकीट, आता मलाही. एक्स-रे ठेवायला तीच नायलॉनची पिशवी माळ्यावरून काढली. बंद तुटलाय, तो शिवून घेतला.