प्रोग्राम चालतोय, पण हिशोब चुकतोय? मोबाईलवर जीडीबी वापरून बघा

प्रोग्राम बंद पडला तर निदान कळतं तरी की काहीतरी बिघडलंय. खरा ताप असतो तो बंद न पडता शांतपणे चुकीचं उत्तर देणाऱ्या प्रोग्रामचा. सांगलीत शिकणाऱ्या माझ्या मावसभावाचा असाच एक प्रोग्राम होता. घरची हळद सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला जाते, तर अडत्याकडून आलेली पट्टी घरीच पडताळून बघायची, एवढ्यासाठी त्याने सी मध्ये तो लिहिला. आधी दर टाकायचा, मग पोती किती ते, मग एकेका पोत्याचं वजन.

२० पोती, ३५ पोती, ४८ पोती, सगळीकडे हिशोब चोख. यावेळी पोती होती ५१. एकूण वजन बरोबर आलं, २५५२ किलो. रक्कम मात्र आली १३२७ रुपये! दर क्विंटलला १५,००० धरला तर यायला हवे होते ३,८२,८०० रुपये. (आकडे समजायला सोपे करून घेतलेत.) काका दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन अडत्याकडे जाणार होते. आता ज्या हिशोबाचा आपल्यालाच भरवसा नाही, तो घेऊन कुणाशी काय बोलणार?

तो सांगलीत, मी साताऱ्यात, आणि त्याच्याकडे लॅपटॉप नाही. सगळा कोड मोबाईलवरच, टर्मक्समध्ये लिहिलेला. तरीही काम झालं, कारण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नल आहे आणि लिनक्सवर चालणारा जीडीबी हा डीबगर टर्मक्समध्येही चालतो.

आधी तयारी

टर्मक्स एफ-ड्रॉइडवरून घ्या. त्यात 'पीकेजी इन्स्टॉल क्लँग जीडीबी' ही आज्ञा दिली की कंपायलर आणि डीबगर दोन्ही येतात. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) फोन रूट करायची गरज नाही. आपण स्वतः सुरू केलेला प्रोग्राम तपासायला जीडीबीला परवानगी असते. दुसऱ्याच्या ॲपमध्ये मात्र असं डोकावता येत नाही, आणि ते बरंच आहे.

कंपाइल करताना '-जी' हा पर्याय द्यायचा. बहुतेक जण इथेच घाई करतात. प्रोसेसरला तुमच्या ओळी, तुमच्या व्हेरिएबलची नावं काही कळत नाहीत. त्याला फक्त सूचना आणि पत्ते कळतात. '-जी' दिलं की कंपायलर तयार फाईलमध्ये एक नोंदवहीच ठेवतो: कुठल्या पत्त्यावरची सूचना कुठल्या ओळीतून आली, कुठलं व्हेरिएबल कुठे राहतं. या नोंदींच्या पद्धतीला ड्वार्फ म्हणतात. तिच्यामुळेच जीडीबी तुमच्याशी तुमच्या कोडच्या भाषेत बोलू शकतो, म्हणून याला सोर्स-लेव्हल डीबगर म्हणायचं. सोबत '-ओ०' द्या, म्हणजे कंपायलर कोड वेगवान करायच्या नादात ओळी इकडेतिकडे करत नाही. नाहीतर एखादं व्हेरिएबल बघायला जावं आणि उत्तर यावं 'ऑप्टिमाइज्ड आउट'!

थांबवायचं कसं?

जीडीबीमध्ये 'ब्रेक मेन' म्हटलं की मेन फंक्शनच्या सुरुवातीला खूण बसते, आणि 'रन' म्हटलं की प्रोग्राम तिथे येऊन थांबतो. हे होतं कसं, ते मला स्वतःला फार आवडतं. जीडीबी त्या पत्त्यावरची मूळ सूचना बाजूला काढून ठेवतो आणि तिच्या जागी एक खास 'थांब' सूचना लिहितो. इंटेलच्या प्रोसेसरवर ती एकाच बाइटची असते, आपल्या फोनमधल्या ६४ बिट आर्मवर चार बाइटची. प्रोसेसर तिथे अडखळला की कर्नल प्रोग्रामला रोखतं आणि पीट्रेस नावाच्या सोयीतून जीडीबीला कळवतं. पुढे जायचं म्हटलं की मूळ सूचना परत जागेवर.

थांबल्यावर 'नेक्स्ट' म्हणजे एक ओळ पुढे, 'स्टेप' म्हणजे फंक्शनच्या आत शिरून पुढे, 'प्रिंट' म्हणजे किंमत दाखव, 'कंटिन्यू' म्हणजे चालू दे. एवढ्या चार शब्दांवर पहिला महिना निघतो.

पण ५१ पोत्यांसाठी ५१ वेळा 'नेक्स्ट' कोण करणार? मी त्याला विचारलं, नेमकं काय चुकतंय? वजन बरोबर आहे, म्हणजे दरात घोळ आहे. दर टाकल्यावर थांबवून 'प्रिंट' केलं तर १५०००. शेवटी बघितलं तर ५२. मग मधे कुणीतरी तो बदलला! कुणी, ते शोधायला आहे 'वॉच'.

'वॉच पट्टी.दर' म्हटलं की जीडीबी त्या एका जागेवर पाळत ठेवतो. प्रोसेसरमध्ये यासाठी मोजक्याच खास सोयी असतात, त्या वापरल्या तर प्रोग्राम जवळजवळ नेहमीच्या वेगाने पळतो. तुमच्या फोनवर ते जमलं नाही तर 'सेट कॅन-यूझ-एचडब्ल्यू-वॉचपॉइंट्स ०' द्या. मग जीडीबी एकेक सूचना चालवून दरवेळी किंमत तपासतो. हळू होतं, पण होतं.

त्याने 'कंटिन्यू' म्हटलं, वजनं भरली, आणि एक्कावन्नाव्या पोत्याला प्रोग्राम थांबला. जुनी किंमत १५०००, नवी किंमत ५२. शेवटच्या पोत्याचं वजन होतं ५२ किलो! एक लक्षात ठेवा, इथे जीडीबी दाखवतो ती पुढे चालायची ओळ असते. बदल करणारी ओळ त्याच्या आधी चाललेली. 'बॅकट्रेस' म्हटल्यावर कळलं की हे वजन भरायच्या फंक्शनमध्ये घडलं आणि त्याला बोलावलं मेनने.

आता उलगडा सोपा होता. स्ट्रक्चरमध्ये वजनांच्या ॲरेला ५० जागा, आणि तिच्या लगेच पुढे दर. सी भाषा ॲरेची हद्द तपासत नाही. एक्कावन्नावं वजन सरळ शेजारच्या घरात, म्हणजे दराच्या जागेत जाऊन बसलं. बेरीज करतानाही तीच जागा वाचली गेली, म्हणून वजन बरोबर आणि दर गायब.

प्रोग्राम न थांबवता खात्रीही करता आली. 'सेट व्हेरिएबल पट्टी.दर = १५०००' दिलं, 'कंटिन्यू' केलं, पण बेरजेत ५२ ऐवजी १५००० किलो धरले गेले आणि वजन फुगलं. दोघं एकाच जागेत राहतात याचा याहून चांगला पुरावा नको. मग ॲरे मोठा केला, पोत्यांची संख्या आधी तपासायची अट घातली. नवी रक्कम, हमाली-तोलाई वजा करून, पट्टीशी जुळली. काकांची फेरी वाचली.

जीडीबी आपल्या सोयीचा करा

छोट्या स्क्रीनवर जीडीबी जरा रुक्ष वाटतो. होम फोल्डरमध्ये '.जीडीबीइनिट' नावाची फाईल करून त्यात 'सेट प्रिंट प्रिटी ऑन' आणि 'सेट हिस्टरी सेव्ह ऑन' लिहा. स्ट्रक्चर नीट ओळीओळीत दिसतात आणि जुन्या आज्ञा पुढच्या वेळीही मिळतात. कंट्रोल-एक्स आणि मग ए दाबलं की वर कोड, खाली आज्ञा असा पडदा उघडतो. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं. 'डिफाइन' वापरून स्वतःची आज्ञाही बनवता येते. आमच्या त्या फाईलमध्ये आता दर, पोती आणि एकूण वजन एकदम दाखवणारी आज्ञा आहे. २००९ च्या ७.० आवृत्तीपासून तर पायथॉनमध्येही जीडीबी वाढवता येतो.

आणि थेट जीडीबीच्याच कोडमध्ये भर घालणं? रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला हा डीबगर मुक्त आहे, कोड कुणीही बदलावा. आपल्याकडच्या लोकांनी तो बदललाही आहे. सीआर१६ नावाच्या प्रोसेसरसाठी जीडीबीत जी फाईल आली, तिच्या माथ्यावर पुण्याच्या केपीआयटी कमिन्स कंपनीचं नाव आहे. सांगलीत असाल तर विश्रामबागला वालचंद कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप आहे, अशा गोष्टींत रस असलेली मुलं तिथे भेटतील. घरबसल्या सुरुवात करायची तर जीडीबीत 'हेल्प' टाइप करा, आणि आज्ञेचं नाव आठवत नसेल तर 'ॲप्रोपोस' लिहून पुढे हवा तो शब्द द्या.