दोन मालिकांची सांगड : पीएचपीतील एक दक्षता

एका मालिकेत परीक्षार्थींचे बैठक क्रमांक व दुसरीत त्यांचे गुण असले, तर त्यांचे एकच कोष्टक सिद्ध करण्यासाठी पीएचपी या संगणकभाषेत ‘ॲरे_कम्बाइन’ हे फंक्शन आहे. ते २००४ साली पाचव्या आवृत्तीत आले. पहिल्या मालिकेतील घटक कोष्टकाच्या किल्ल्या होतात, तर दुसरीतील घटक त्यांची मूल्ये. जोड्या लागतात त्या केवळ क्रमाने.

मालिकांची लांबी असमान असल्यास २०२० सालच्या आठव्या आवृत्तीपासून हे फंक्शन त्रुटी दाखवून थांबते. पूर्वी ते नुसता इशारा देऊन ‘असत्य’ हे उत्तर देत असे. परंतु खरा धोका समान लांबीच्या मालिकांतच संभवतो. १०१, १०२, १०२ या क्रमांकांशी ६१, ४८, ७३ हे गुण जोडले असता १०२ पुढे ७३ तेवढे उरतात. ४८ कोणत्याही सूचनेवाचून नाहीसे होतात.

म्हणून सिद्ध कोष्टकातील नोंदी मोजून पाहाव्यात. त्या मूळ संख्येहून कमी भरल्या, तर एखादी किल्ली पुनरुक्त झाली आहे हे उघड होय. क्रमच बिघडला असेल, तर मात्र ही मोजणीही निरुपयोगी ठरते. यास्तव दोन्ही मालिका एकाच मूळ नोंदीतून एकाच क्रमाने घ्याव्यात, हेच श्रेयस्कर.