गोंगाटाखालचा संदेश

मोबाइलवर नकाशा उघडला की निळा ठिपका आपल्या गल्लीत येऊन बसतो. त्यासाठी फोनने निदान चार उपग्रह ऐकलेले असतात. जीपीएसचे हे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. एका वॅटचे कोटी-कोटी भाग केले आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर तुकडे केले, तर एका तुकड्यात जेवढी शक्ती उरेल साधारण तेवढीच आपल्या हातातल्या अँटेनापर्यंत पोचते. हा सिग्नल फ्रिक्वेन्सींच्या ज्या पट्ट्यात येतो, त्याच पट्ट्यात फोनच्या सर्किटमधली नुसती उष्णतेची खरखर या सिग्नलच्या सुमारे पन्नास पट असते. म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या वर नसतोच, तो गोंगाटाखाली गाडलेला असतो. तरीही तो ऐकू येतो, आणि तोसुद्धा पाच-दहा मीटरपर्यंत जागा सांगण्याइतका नेमका. ही करामत ज्या तंत्राची, त्याचं नाव स्प्रेड स्पेक्ट्रम.

रेडिओवाल्यांची जुनी शिकवण अगदी उलट होती. स्टेशनाने आपली सगळी ताकद अरुंद पट्टीत एकवटायची आणि रिसीव्हरने तेवढीच पट्टी ऐकायची. यात अडचण एकच: त्याच पट्टीवर कुणी जोरात बसलं की आपला आवाज संपला. स्प्रेड स्पेक्ट्रममध्ये संदेशाला लागते त्यापेक्षा शेकडो-हजारो पट रुंद जागा मुद्दाम वापरतात. जीपीएसचा नागरी संदेश सेकंदाला फक्त 50 बिट जातो. त्याला शंभरेक हर्ट्झ पुरले असते. पण तो पसरतो सुमारे 20 लाख हर्ट्झवर.

पसरवायचं कसं, ते कागदावर करून बघू. +1, +1, +1, −1, −1, +1, −1 असा सात आकड्यांचा साचा घ्या. पाठवणारा आणि ऐकणारा दोघांनाही तो आधीपासून ठाऊक आहे. ‘एक’ पाठवायचा तर साचा जसाच्या तसा पाठवायचा, ‘शून्य’ पाठवायचा तर सगळी चिन्हं उलटी करून. साच्यातल्या एकेका आकड्याला ‘चिप’ म्हणतात.

आता कुणीतरी त्रास देतो आहे असं धरू. तो आपल्या तिप्पट जोराचा आहे आणि सतत +3 ओततो आहे. आपण ‘एक’ पाठवला, तर रिसीव्हरकडे पोचतं: 4, 4, 4, 2, 2, 4, 2. सगळे आकडे धनच. नुसत्या नजरेला यात संदेश दिसत नाही. रिसीव्हर काय करतो, तर हाच साचा त्यावर ठेवून आकड्याला आकड्याने गुणतो आणि बेरीज करतो. 4+4+4−2−2+4−2, म्हणजे 10. ‘शून्य’ पाठवला असता, तर पोचलं असतं 2, 2, 2, 4, 4, 2, 4 आणि बेरीज आली असती −4. एकदा धन, एकदा ऋण. निकाल स्पष्ट आहे.

असं का झालं? आपल्या सिग्नलला साच्याने दोनदा गुणलं गेलं, एकदा पाठवताना आणि एकदा ऐकताना. उण्याला उण्याने गुणलं की अधिक, म्हणून आपल्या सातही चिपा एका बाजूला उभ्या राहिल्या आणि बेरीज 7 झाली. त्रास देणाऱ्याला मात्र साच्याने एकदाच गुणलं. त्याचे तीन-तीन काही ठिकाणी अधिक, काही ठिकाणी वजा झाले आणि आपसांत कटले. साच्याशिवाय त्याची बेरीज 21 झाली असती. उरले फक्त 3. ऐकताना केलेल्या ज्या गुणाकाराने आपला संदेश गोळा होतो, त्याच गुणाकाराने परका सिग्नल पसरून पातळ होतो. मला या तंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. व्यत्यय ओळखायची वेगळी यंत्रणा लागत नाही.

आणखी एक गंमत याच कागदावर दिसते. साचा एकामागून एक सलग येतो आहे आणि रिसीव्हरने तो एकच घर सरकवून ठेवला, तर बेरीज 7 येत नाही, −1 येते. साचा तंतोतंत जुळला तरच टोक उभं राहतं. म्हणजे सिग्नल नेमका कधी निघाला आणि कधी पोचला, हेही त्या जुळण्यातून कळतं.

जीपीएस हेच करतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. तिथला नागरी साचा, म्हणजे कोड, 1,023 चिपांचा, आणि सेकंदाच्या दर हजाराव्या भागाला तो पहिल्यापासून सुरू होतो. प्रत्येक उपग्रहाचा कोड वेगळा, म्हणून सगळे उपग्रह 1575.42 मेगाहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलतात आणि फोन त्यांना वेगवेगळं ऐकतो. 1967 मध्ये रॉबर्ट गोल्ड यांनी असे कोड बांधण्याची रीत दिली, ज्यांची एकमेकांशी गाठ पडली तरी बेरीज लहानच राहते. संदेशाच्या एका बिटामागे 20,460 चिपा येतात. त्या सगळ्यांची बेरीज घेतली की सिग्नल 20,460 पटींनी वाढतो, पण खरखर दर वेळी वेगळ्या दिशेला जात असल्यामुळे वर्गमुळाच्या हिशोबाने, म्हणजे 143 पटींनीच वाढते. शक्तीत मोजायचं तर या पटींचा वर्ग घ्यायचा, म्हणून शक्तीने पन्नास पट मोठा असलेला गोंगाट असा काहीशे पट मागे पडतो.

एक चिप हवेत सुमारे 293 मीटर लांब असते. तिच्या बारीक अंशापर्यंत साचा जुळवला की अंतर काही मीटरपर्यंत कळतं. बराच वेळ बंद ठेवलेला जीपीएस सुरुवातीला रेंगाळतो त्याचंही कारण इथेच आहे: कोणता उपग्रह, कितव्या चिपेपासून आणि त्याच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी किती सरकलेली, हे सगळं त्याला चाचपून बघावं लागतं. आपल्या ‘नाविक’ या उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेचा नागरी सिग्नलही 1,023 चिपांच्या अशाच कोडवर चालतो.

पसरवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे एका जागी न थांबणं. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल यांना 1942 मध्ये अमेरिकेत याचं पेटंट मिळालं. पाणतीराला दिलेल्या आज्ञा शत्रूला बुजवता येऊ नयेत म्हणून फ्रिक्वेन्सी सतत बदलायची, आणि दोन्ही टोकांचा ताळमेळ स्वयंचलित पियानोसारख्या भोकं पाडलेल्या पट्टीने राखायचा. फ्रिक्वेन्सी 88, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. ‘लमारने वायफाय शोधलं’ हे मात्र समाजमाध्यमांवरचं अतिशयोक्त विधान आहे. फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याची कल्पना त्याआधीही मांडली गेली होती आणि आजचं वायफाय वेगळ्या तंत्रावर चालतं. उड्या मारतं ते ब्लूटूथ: मूळ ब्लूटूथ 79 चॅनेलांवर सेकंदाला 1,600 वेळा जागा बदलतं. शेजारच्या वायफायने वीसेक चॅनेल अडवली, तर तिथे पडलेले तुकडे वाया जातात आणि पुन्हा पाठवले जातात. नंतरच्या आवृत्त्या खराब चॅनेलं ओळखून टाळायलाही शिकल्या.

मराठी घरांत हे तंत्र आणखी एका रूपाने येऊन गेलं. 2003 च्या पावसाळ्यात 501 रुपयांत मिळालेले रिलायन्सचे सीडीएमए फोन आठवत असतील. त्यात एकाच सव्वा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अनेक जण एकाच वेळी बोलत, आणि टॉवर कोडवरून त्यांना वेगळं करी. अडचण एवढीच की टॉवरखाली उभा असलेला माणूस लांबच्या माणसाला बुडवतो. साचा कितीही चांगला असला तरी बेरजेत जवळच्याचा आवाज थोडा उरतोच. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला 800 वेळा ‘आवाज वाढव’ किंवा ‘कमी कर’ असं बजावत असे.

तेव्हा हे कवच अभेद्य नाही. आपल्या उदाहरणात त्रास देणाऱ्याने +3 ऐवजी +10 ओतले असते, तर ‘शून्य’ची बेरीज −4 नव्हे, +3 आली असती आणि निकाल चुकला असता. शिवाय एकाला गोंगाटाखालचा वाटणारा सिग्नल दुसऱ्याला गोंगाट असतो. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण 1,450 मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी ऐकते. उपग्रह-दिशादर्शनाचे काही सिग्नल 1,176.45 मेगाहर्ट्झवर, म्हणजे नेमके त्याच पट्ट्यात येतात. दीर्घिकांमधून येणाऱ्या लहरींपुढे ते फार मोठे असतात.

जीपीएसचं तर दुबळेपण मुळातच आहे. अमेरिकेत एका ट्रकचालकाने मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून गाडीत सिग्नल बुजवणारा छोटा जॅमर लावला होता. त्याने नेवार्क विमानतळावरची विमानं उतरवायला मदत करणारी जीपीएस यंत्रणा बिघडवली, आणि 2013 मध्ये त्याला जवळपास 32 हजार डॉलरचा दंड ठोठावला गेला. आपल्याकडेही सरकारची खास परवानगी नसेल तर जॅमर किंवा जीपीएस ब्लॉकर वापरणं बेकायदा आहे. ऑनलाइन स्वस्तात दिसला, तरी घेऊ नका.