तबकडीने खोटे बोलू नये म्हणून

गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात बॉम्बशोधक पथकाचा जवान लांब दांड्याचे यंत्र जमिनीवरून फिरवताना तुम्ही पाहिला असेल. त्या दांड्याच्या टोकाला गोल, चपटी तबकडी असते. अशी तबकडी सांभाळण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, सुभेदार होतो.

तबकडीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. बहुतेक यंत्रांत एक वेटोळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. जमिनीत धातू असला की त्यात क्षीण वीजप्रवाह उठतात. त्यांची चाहूल दुसरे वेटोळे घेते आणि आपल्या कानात आवाज येतो. या दोन वेटोळ्यांचा तोल तराजूसारखा साधलेला असतो. तबकडी आपटली, आत ओल गेली किंवा तार जराशी हलली, तरी तो बिघडतो. जवळचा दुसरा धातूही घोटाळा करतो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनचे जनक बेल असेच यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी तारांनी त्यांचा शोध चकवला, असे सांगतात.

‘ऑपरेशन पराक्रम’च्या वेळी, २००१-०२ मध्ये, पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले आणि पुढे ते काढावे लागले. त्या कामात एके सकाळी आमच्या एका तरुण जवानाचे यंत्र पावलोपावली वाजू लागले. प्रत्येक आवाजाला तो पालथा पडून सळईने तिरके टोचत माती तपासायचा. हाती काहीच लागेना. दोन तासांनी तो घामाघूम होऊन म्हणाला, “साहेब, हे उगाच ओरडतंय.” मी काम थांबवले. तबकडीखालचे प्लास्टिकचे आवरण काढले, तर आत मूठभर रेती. चुंबक धरताच तिच्यातले काळे कण टपाटप चिकटले. आदल्या संध्याकाळी आवरण उघडून पाहणे माझे काम होते. ते मी टाळले होते.

आवरण तबकडीला ओरखड्यांपासून वाचवते. पण साफ केले नाही, तर तेच घात करते. म्हणून रोज ते काढून स्वच्छ पाण्याने धुवावे आणि सावलीत वाळवावे. तबकडी ओल्या फडक्याने पुसावी; पेट्रोल किंवा थिनर लावू नये. केबल दांड्याला नीट गुंडाळावी, मात्र तबकडीपाशी थोडी सैल ठेवावी. ताण बसला की ती तिथेच तुटते. प्लास्टिकचा बोल्ट हातानेच आवळावा. तो हरवला म्हणून लोखंडी बोल्ट लावू नये. तबकडी दगडावर घासू नये, उन्हात तापलेल्या जीपमध्ये ठेवू नये. आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी, यंत्रासोबतचा चाचणीचा तुकडा ठरलेल्या अंतरावर धरून आवाज तपासावा. जिवाच्या कामात तडा गेलेली तबकडी सरळ बाजूला काढावी.

यंत्र मुके झाले, तर चाचणीत लगेच कळते. ते खोटे बोलू लागले, की माणसाचा हळूहळू त्याच्यावरचा विश्वास उडतो. मग एखादा खरा आवाजही तो ‘उगाच ओरडतंय’ म्हणून सोडून देतो. त्या दिवशी आमच्या जवानाने एकही आवाज सोडला नाही, हे आमचे नशीब. तेव्हापासून संध्याकाळचा चहा मी आवरण धुतल्यावरच घेऊ लागलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)